चित्र स्वच्छ, यादी मात्र रिकामी

बोटभर लांबीची, दोन्ही टोकांना आटे असलेली धातूची नळी म्हणजे बँड-स्टॉप फिल्टर. अमेरिकेत डायरेक्टटीव्हीची उपग्रह सेवा घेणाऱ्या कित्येक घरांत टीव्हीमागे, केबल आणि रिसीव्हर (आपल्याकडचा सेट-टॉप बॉक्स) यांच्यामध्ये, ती बसवलेली असते. वारंवारतेचा एक ठरावीक पट्टा अडवायचा आणि बाकीचे सारे जाऊ द्यायचे, एवढेच तिचे काम.

तो पट्टा कोणता, हे कळण्यासाठी केबलमध्ये डोकावायला हवे. उपग्रहाकडून येणारे गिगाहर्ट्झमधले संकेत डिशच्या तोंडाशी बसवलेले एलएनबी हे यंत्र कमी वारंवारतेवर उतरवते. मग सिंगल वायर मल्टिस्विच, म्हणजे तंत्रज्ञांच्या बोलीतला ‘स्विम’, रिसीव्हरमधल्या प्रत्येक ट्यूनरला, म्हणजे चॅनेल पकडणाऱ्या भागाला, हवा तो चॅनेल वेगळ्या वारंवारतेवर मांडून एकाच तारेने घरात पाठवतो. ही वाहतूक साधारण ९५० ते २१५० मेगाहर्ट्झ या पट्ट्यात चालते. आपल्याकडच्या डीटीएच जोडणीत दुसऱ्या टीव्हीसाठी दुसरा सेट-टॉप बॉक्स घेतला, तरी दोन्ही बॉक्स सहसा आपापला संसार वेगळा ठेवतात. डायरेक्टटीव्हीने मात्र २०१०च्या सुमारास दिवाणखान्यात केलेले रेकॉर्डिंग शयनगृहात पाहण्याची सोय आणली, आणि त्यासाठी नवी तार न ओढता तीच केबल वापरली. ‘डेका’ नावाची ही व्यवस्था मोका या, टीव्हीच्या केबलवरूनच घरातल्या यंत्रांचे नेटवर्क चालवणाऱ्या तंत्रज्ञानावर उभी आहे. केबल टीव्हीच्या घरांत मोका १ गिगाहर्ट्झच्या वर चालते. इथे ती जागा उपग्रहाच्या संकेतांनी व्यापलेली असल्यामुळे तिला खाली, साधारण ४७५ ते ६२५ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात आणावे लागले.

अडचण जुन्या रिसीव्हरची होती. स्विम येण्यापूर्वीच्या जोडणीत उपग्रहाचे काही संकेत २५० ते ७५० मेगाहर्ट्झमधूनच येत, म्हणजे नेमके त्याच प्रदेशातून. त्यामुळे डेका स्विमच्याच जोडणीवर चालवावे लागले, आणि एचआर२० ते एचआर२३ यांसारखे, डेका अंगभूत नसलेले रिसीव्हर त्या तारेवर थेट जोडायचे तर नेटवर्कचा गलबला त्यांच्या ट्यूनरपर्यंत पोहोचू नये म्हणून वाटेत फिल्टर बसवणे भाग पडले.

खरा घोळ होतो तो जुना रिसीव्हर बदलताना. तंत्रज्ञ एचआर२४ किंवा एच२५ आणतो, केबल आहे तशी नव्या यंत्राला लावतो आणि फिल्टर मागेच राहतो. या यंत्रांत डेका आतच असते. म्हणजे ज्या पट्ट्यातून त्यांनी बोलायचे, तोच आता दाराशी अडवला जातो. सगळे चॅनेल स्वच्छ दिसतात, संकेताची पातळी उत्तम भरते, पण दुसऱ्या खोलीतल्या रेकॉर्डिंगची यादी काही केल्या उमटत नाही. ग्राहक मग राउटर बंद-चालू करत बसतो, आणि त्यात त्याला दोष देता येत नाही, कारण चित्र नीट असताना केबलवर संशय घ्यावा, असे कोणाला सुचेल?

याच्या बरोबर उलटा प्रकारही घडतो. केबल टीव्हीच्या घरांत, मोकाचे संकेत शेजाऱ्याकडे जाऊ नयेत म्हणून, तार जिथून घरात शिरते तिथे साधारण १ गिगाहर्ट्झच्या वरचे सारे अडवणारा फिल्टर लावतात. दिसायला तो जवळपास असाच. उपग्रहाच्या तारेवर तो चुकून लागला, तर रिसीव्हरांचे आपापसांतले बोलणे सुरू राहील, पण चॅनेल दिसणार नाहीत.

एका तारेच्या अनेक तारा करणाऱ्या स्प्लिटरचेही भान ठेवावे लागते. टीव्हीचे संकेत वरून खाली येतात, तर नेटवर्कचे संकेत एका खोलीच्या तारेतून दुसऱ्या खोलीच्या तारेत उडी मारतात. म्हणून डेकासाठी ही उडी जाऊ देणारे, हिरव्या लेबलचे स्प्लिटर वापरतात.

२०१२मध्ये आलेल्या जिनी या मुख्य रिसीव्हरबरोबर मिळणाऱ्या छोट्या क्लायंट यंत्रांत ट्यूनरच नसतो. त्यांना सारे चित्र जिनीकडून, नेटवर्कवरूनच मिळते. तारेने जोडलेल्या क्लायंटमागे जुना फिल्टर राहिला, तर यादीच नव्हे, एकही चॅनेल दिसत नाही, आणि मग तो शोधून काढायला फारसा वेळ लागत नाही.