बिनचेंडूचा सामना

हे पाय बघा. चेहऱ्यांकडे नंतर येऊ. खेळाडू डावीकडे धावतो, गुडघा वाकतो, रॅकेट मागे जाते आणि फटका बसतो... हवेत. चेंडू नाहीच.

आमच्या विनंतीवरून हे दोघं असं खेळून दाखवताहेत. रोजचा सराव असलेले खेळाडू आहेत, तरी चौथ्या फटक्याला ताल गेला. एकाचा फटका मारून झाला आणि दुसरी आत्ता कुठे वळतेय.

रिचर्ड लोंक्रेन यांचा २००४ सालचा ‘विम्बल्डन’ हा प्रेमपट याच कसरतीवर उभा आहे. क्रमवारीत ११९व्या क्रमांकावर घसरलेला, वाईल्ड कार्डवर, म्हणजे आयोजकांनी दिलेल्या खास प्रवेशावर, आत आलेला ब्रिटिश पीटर म्हणजे पॉल बेटनी. जिंकायलाच आलेली अमेरिकन लिझी म्हणजे कर्स्टन डन्स्ट. हॉटेलात पीटरला चुकीच्या खोलीची किल्ली मिळते आणि पुढचं सगळं घडतं. गोष्ट गोड आहे, पण आम्ही हा चित्रपट पुन्हापुन्हा लावतो तो कोर्टवरच्या मेहनतीसाठी.

नटांना टेनिस शिकवायला आला पॅट कॅश, १९८७चा विम्बल्डन विजेता. सामन्यांच्या दृश्यांत नट बहुतेक वेळा रिकाम्या हवेतच रॅकेट फिरवत होते, चेंडू नंतर संगणकावर काढून बसवला. म्हणजे नजर कुठे वळवायची, पाऊल कधी टाकायचं, मनगट केव्हा फिरवायचं, हे सगळं अंगात मुरवायचं आणि समोरच्याशी जुळवूनही घ्यायचं. नाच बसवतात तसंच हे. चित्रपट पाहताना कुणाच्या लक्षातही येत नाही. या कष्टांचं कौतुक व्हायला हवं होतं, तेवढं झालं नाही.

हिरवळ मात्र खरी. चित्रीकरण विम्बल्डन स्पर्धा जिथे होते त्या खुद्द ऑल इंग्लंड क्लबवर झालं, काही भाग तर २००३ची स्पर्धा चालू असताना.

समालोचक म्हणून दिसतात माजी टेनिसपटू जॉन मॅकेन्रो आणि ख्रिस एव्हर्ट, दोघंही स्वतःच्याच नावाने. एव्हर्टला तिथे पाहून १९७४ आठवतं. ती आणि जिमी कॉनर्स, लग्न ठरलेले दोघं, एकाच विम्बल्डनमध्ये एकेरीचे विजेते झाले. ते लग्न पुढे झालं नाही.

आणि पीटरच्या ब्रिटनला प्रत्यक्षात फ्रेड पेरीनंतरचा, म्हणजे १९३६नंतरचा, विम्बल्डनच्या पुरुष एकेरीचा विजेता मिळाला तो २०१३ साली, अँडी मरेच्या रूपाने.

आता पुन्हा आपल्या कोर्टवर. हा अकरावा प्रयत्न. ती वळली... आणि त्याने पाऊल उचललं.