भाकरी उलटताना

श्रोतेहो, नमस्कार. मराठवाड्याला तहान काय असते ते सांगावं लागत नाही. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. बायबलमधल्या बेचाळिसाव्या स्तोत्रातली तहान तसलीच आहे. हरिणी पाण्यासाठी लुलपते, तसा माझा जीव देवासाठी लुलपतो. लुलपतो, बरं का. घरात रांजण भरलेला असला की हा शब्द सुचत नाही.

आज सांगायचं आहे ते ब्रदर लॉरेन्सचं. सतराव्या शतकातला फ्रेंच माणूस, आधी शिपाई. अठराव्या वर्षी भर हिवाळ्यात त्याला एक झाड दिसलं, पार बोडकं. याला पुन्हा पालवी फुटणार, एवढंच मनात आलं, आणि देवाची ओढ लागली ती १६९१ साली डोळे मिटेपर्यंत. पुढं पॅरिसच्या कार्मेल मठात, म्हणजे ख्रिस्ती संन्याशांच्या मठात गेला. तिथं वाट्याला काय आलं? स्वयंपाकघर! त्या कामाचा त्याला मनापासून कंटाळा, तरी पंधरा वर्षं तेच केलं. एकदा मठासाठी द्राक्षारस आणायला त्याला बर्गंडीला धाडलं. व्यवहारात कच्चा, त्यात पाय अधू. होडीत चालता येईना, म्हणून पिंपांवरून लोळत लोळत सरकायचा. देवाला म्हणाला, हे काम तुझंच आहे. आणि काम नीट पार पडलं.

पण मठातली पहिली दहा वर्षं त्याला फार जड गेली. दहा वर्षं, ऐकलंत ना? आपण चार दिवस मन लागलं नाही की प्रार्थना सोडतो. मग रविवारी कीबोर्डच्या दणदणाटात देव शोधतो. ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं टाळ-मृदंगावरच शोभतात, माझं हे मत काही बदलायचं नाही. असो.

कामातच देवाची आठवण ठेवायची रीत साधी आहे. पहाटे स्तोत्रातली एकच ओळ, तीनदा, मोठ्यानं. एकच ओळ, अख्खा अध्याय घेतलात तर दुपारपर्यंत काही उरत नाही. मग ती ओळ कामाला बांधायची. भाकरी तव्यावर टाकली की एकदा, पाणी फिरवून उलटली की एकदा. शेतात असाल तर मोटर चालू करताना. मन भटकणारच. लॉरेन्सचंही भटकायचं, तो स्वतःवर चिडायचा नाही, गुमान परत यायचा. सकाळच्या चार भाकऱ्या विसरण्यात गेल्या, तर त्यांचा हिशेब नको. पाचवीपासून धरा.