पाणंद आणि पिकअप

(निफाड तालुक्यातल्या एका गावी, वाचनालयाच्या व्याख्यानमालेत झालेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महाराज आणि मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘शेतातल्या चारचाकीची वर्षभराची निगा’. त्यावर मी बोलणार आहे. पण मला दिलेल्या पाऊण तासातला बराच वेळ सत्काराच्या नारळात आणि शालीत गेला, म्हणून मनात आहे ते आधी बोलून घेतो. नाहीतर ते राहून जाईल आणि मी घरी जाऊन बायकोला ऐकवीन. तिचं ऐकून झालंय.

माझं म्हणणं असं. डांबरी सोडली की मळ्यापर्यंतचा जो तुकडा असतो, कुणाचा अर्धा किलोमीटर, कुणाचा दीड, तोच तुमची गाडी खातो. नाशिक-पिंपळगाव हायवे खात नाही, मार्केटची रांगही खात नाही. आणि आपण पैसे कुठं ओततो? गॅरेजात. त्या तुकड्यावर वर्षाकाठी एक ट्रॉली मुरूम टाकायचं म्हटलं की चार भाऊबंद सहा बाजूंना तोंडं करतात.

गंमत बघा. स्वातंत्र्यानंतर लगेचच महिंद्रांनी मुंबईत विलिस जीप जोडायला घेतली. पुढं 2002 साली स्कॉर्पिओ आली ती आपल्या नाशिकच्या कारखान्यातून, बोलेरोही इथलीच. म्हणजे गाडी सातपूरला बनते, वीस-तीस किलोमीटर चालून आपल्या शिवारात येते आणि तिथं रुतते. परदेशात कुठं रुतत असेल तर असो, पण माहेरी रुतावं?

आता माझ्या गाडीचं, म्हणजे पिकअपचं सांगतो. मोबाइल बंद ठेवा, हा भाग महत्त्वाचा आहे.

आमच्या मळ्याच्या वाटेवर एक ओहोळ आहे. उन्हाळ्यात ठणठणीत कोरडा, पावसाळ्यात गुडघाभर. टोमॅटोच्या दिवसांत, म्हणजे श्रावण-भाद्रपदात, पहाटे जाळ्या, म्हणजे क्रेट, भरून पिंपळगावच्या मार्केटला निघायचं, ओहोळातून जायचं, दुपारी तापलेली गाडी घेऊन त्याच ओहोळातून परत यायचं. असे दोन हंगाम गेले. तिसऱ्या वर्षी मागून आवाज यायला लागला. आधी बारीक ‘ऊं’, मग साठच्या पुढं गेलं की असा हुंदका, की शेजारी बसलेला विचारायचा, ‘काका, विमान आलं का?’

गाडी वॉरंटीत होती. शहरातल्या एका सर्व्हिस सेंटरला नेली. नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही, सगळीकडं तोच टाय बांधलेला पोरगा बसलेला असतो. त्यानं टॅबवर बोट फिरवलं आणि विचारलं, ‘काका, गाडी ऑफ-रोड वापरली का?’

म्हटलं, ‘बाळा, रोड असता तर ऑन-रोड वापरली असती.’

तो हसला नाही. त्यांना हसायला बंदी असावी. म्हणाला, डिफरन्शियलमध्ये, म्हणजे मागच्या ॲक्सलच्या मधोमध जो गिअरांचा गोळा असतो त्यात, पाणी गेलंय, ही वापराची चूक आहे, वॉरंटीत बसत नाही. मी मागच्या सर्व्हिसचं बिल काढलं. त्यात स्वच्छ छापलेलं, ‘डिफरन्शियल ऑइल तपासणी व टॉप-अप’, पुढं रक्कम. म्हटलं, तपासलं तेव्हा पाणी दिसलं नाही? म्हणाला, तेव्हा नसेल.

मंडळी, माझी निम्मी हयात गाड्यांखाली गेली आहे. मी तिथंच फरशीवर पुठ्ठा टाकला आणि धोतर आवरून खाली गेलो. आता नीट ऐका. डिफरन्शियलच्या गोळ्याला मागच्या बाजूनं एक भरणीचा बोल्ट असतो, त्यातूनच ऑइल बघतात, त्यातूनच भरतात. कारखान्यात तो आवळून झाला की त्यावर पिवळ्या रंगाची एक रेघ ओढतात, अर्धी बोल्टवर, अर्धी हौसिंगवर. बोल्ट जरा जरी फिरला तरी रेघ तुटते. माझ्या गाडीची रेघ अखंड होती. वर बोल्टच्या डोक्यात पाना बसायचा जो खळगा, त्यात आमच्या ओहोळाचा वाळलेला गाळ गच्च भरलेला, आणि त्या गाळात एक बाजरीचं कुसळ. पाना लावला असता तर ते कुसळ तिथं राहिलं असतं का?

(हशा.) हसा. मीही नंतर हसलो. तेव्हा नाही हसलो.

पोराला खाली बोलावलं. तो टाय खिशात घालून आला, तेवढा चांगला होता. त्याला रेघ दाखवली, कुसळ दाखवलं. तो बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, ‘काका, मॅनेजर सरांशी बोलतो.’ मॅनेजर सर मीटिंगमध्ये होते. माझ्या माहितीप्रमाणे ते अजून मीटिंगमध्येच आहेत. शेवटी टॉप-अपचे पैसे परत मिळाले, क्राउन-पिनियनचे, म्हणजे आतल्या गिअरांचे, मला भरावे लागले. बोल्ट काढला तेव्हा ऑइल बाहेर आलं ते साय धरलेल्या चहासारखं, फिकट आणि दाट. ऑइलमध्ये पाणी घुसळलं गेलं की असा रंग येतो. काळं आलं तर जुनं झालं, फिकट आलं तर पाणी गेलं. ताई, तुम्ही लिहून घेताय, बरं वाटलं.

पण पाणी गेलं कसं? सील तर शाबूत होतं. ॲक्सलच्या हौसिंगवर एक बारीक टोपी असते, ब्रीदर म्हणतात. गाडी चालली की आतलं ऑइल तापतं, हवा फुगते, ती या टोपीतून बाहेर पडते. तापलेला ॲक्सल गार पाण्यात शिरला की आतली हवा एकदम आक्रसते आणि बाहेरून ओढून घ्यायला बघते. ब्रीदर पाण्याखाली असेल तर तिथून पाणी ओढते. गाळानं बुजलेला असेल तर सीलच्या कडेनं ओढते. म्हणून दुपारी तापलेल्या गाडीनं ओहोळ ओलांडणं जास्त वाईट. उपाय? ब्रीदरला रबरी नळी लावायची, क्लिप मारायची आणि नळी मागच्या, माल भरायच्या हौद्याच्या कडेपर्यंत वर न्यायची, तोंड खाली वाकवून. मेकॅनिकची अर्ध्या तासाची मजुरी. पूल बांधायची ऐपत नाही तोवर एवढं करा.

पुलावरून आठवलं. त्या ओहोळावर मोरी का नाही, तर शेजारच्यांचं म्हणणं की वाट आमच्या बांधावरून जाते. आणि वाट तरी किती उरलीय? जुन्या गावनकाशावर पाणंद दोन बैलगाड्या समोरासमोर जातील एवढी. दरवर्षी रोटाव्हेटर वीतभर आत येतो. इकडून वीत, तिकडून वीत. हे आमच्याच गावात चालतं असं नाही, तुमच्याकडं बघून कळतंय मला, मागची रांग खाली बघायला लागलीय.

यावर कायदा आहे, आणि तो लोकांना ठाऊक नसतो म्हणून सांगतो. जमीन महसूल अधिनियम 1966, कलम 143. शेतात जायला वाटच नसेल तर बांधावरून वाट मिळावी म्हणून तहसीलदाराकडं अर्ज करता येतो. आणि असलेली वाट कुणी अडवली तर मामलेदार न्यायालय अधिनियम 1906, कलम 5. पण अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत जायचं. लोक काय करतात, आधी सहा महिने भांडतात, मग दिवाळी येते, मग द्राक्षाची धावपळ, मग लग्नसराई, आणि अर्ज करायला जातात तेव्हा मुदत संपलेली. भांडायचं तर भांडा, पण अर्ज टाकून भांडा. सरकारची मातोश्री पाणंद रस्ते योजनाही 2021 साली आली, ग्रामसभेत विषय तरी काढा.

वाट कशी करायची ते थोडक्यात. आपली काळी जमीन पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. तिच्यावर नुसता मुरूम टाकला तर दोन पावसाळ्यांत तो पोटात जातो. आधी दोन्ही कडांना चर खणा, निघालेली माती वाटेवरच टाकू नका, तळाला दगडाचं सोलिंग घ्या, मग मुरूम, पाणी मारून रोलर. मध्ये उंच, कडांना उतार. पाणी चरात पळालं पाहिजे, वाटेवर थांबता कामा नये. इगतपुरीला वर्षाला 3,000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, येवल्याकडं त्याचा पाचवा हिस्साही नसतो, पण चिखल म्हणाल तर येवल्याच्या काळ्या रानातला मोठा. किती पडतो यापेक्षा पडलेलं कुठं जातं ते बघा.

चिठ्ठी आलीय. ‘दहा मिनिटं.’ बरं. विषयावर येतो, भराभर घेतो.

नवी बीएस-सिक्स गाडी, म्हणजे एप्रिल 2020 नंतरची डिझेल. तिच्या धुराड्यात काजळी धरणारी जाळी असते, डीपीएफ. ती भरली की गाडी स्वतःच जादा डिझेल पाजून काजळी जाळते, पण त्याला सलग, तापून चालणं लागतं. आपण मळा ते गाव, गाव ते मळा, दोन किलोमीटर, इंजिन तापायच्या आत बंद. काजळी जळत नाही, दिवा लागतो, आणि न जळलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतींवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑइल वाढलेलं दिसलं की काही जण खूश होतात. वाढलेलं ऑइल पातळ झालेलं असतं, ते बदलायचं असतं. आठवड्यातून एकदा गाडीला हायवेवर पळवून आणा. घरी सांगा, निगेसाठी चाललोय.

फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाचा जोर देणारी गाडी, ज्यांच्याकडं आहे त्यांनी चिखल संपला की लिव्हर परत दोन चाकांच्या जोरावर आणा. वळणावर पुढची आणि मागची चाकं सारखं अंतर चालत नाहीत. चिखलात चाक घसरून तो फरक निघून जातो, कोरड्या डांबरावर निघायला जागा नसते, मग तो ताण गिअरवर बसतो.

हौदा. इथं सगळे बागाईतदार आहेत, म्हणून हे खास. मोरचुदाची गोणी फुटते, हौद्याच्या कोपऱ्यात निळी पूड राहते, वर दव पडतं. शाळेत प्रयोग केला होता ना, मोरचुदाच्या पाण्यात लोखंडी खिळा टाकला की त्यावर तांबूस थर चढतो? तांबं बसतं तेवढं लोखंड विरघळतं. तुमच्या हौद्यात तोच प्रयोग रोज चाललेला असतो. पोटॅशचंही तसंच, ते मीठच आहे, हवेतलं पाणी ओढतं. फवारणीचं सामान उतरवलं की त्याच दिवशी हौदा धुवा, कोपऱ्यातली भोकं तारेनं मोकळी करा, रबरी चटई उचलून खालून धुवा. चटईखाली काय शिजतंय ते बघून तुम्ही घाबराल.

वजन. गाडीची क्षमता समजा 1,300 किलो. वीस किलोची जाळी धरली तर 65 जाळ्या, आणि जाळीचं स्वतःचं वजन वेगळंच. आपण शंभर चढवतो आणि वर दोन माणसं बसवतो. मालाच्या गाडीत माणसं बसवू नका. ती पडली तर विमा कंपनी हात झटकायला वाट शोधते. जादा वजनाला मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनंतर 20,000 रुपये दंड, वर प्रत्येक जादा टनाला 2,000. आणि दंड चुकला तरी पाटे, म्हणजे ॲक्सलवरच्या पट्ट्यांच्या स्प्रिंगा, चुकत नाहीत. पाट्यांच्या मधला सेंटर बोल्ट तुटला की ॲक्सल जागचा सरकतो, गाडी तिरकी चालायला लागते. मागून येणाऱ्याला ते आधी दिसतं, आपल्याला नंतर.

एअर फिल्टर हवेनं साफ करताना आतून बाहेर मारा. बाहेरून मारलात तर धूळ कागदात ठोकून बसते. रेडिएटरच्या जाळीत कुसळं अडकतात, हंगामानंतर मऊ ब्रशनं काढा. ओहोळातून निघालात की ब्रेक हलका दाबून धरत थोडं चाला, म्हणजे लायनर वाळतात. आणि गाडी कांद्याच्या चाळीशेजारी लावत असाल तर बॉनेट रात्री उघडून ठेवा. उंदराला ऊब आणि अंधार दोन्ही लागतं. वायरिंगचं बिल बघून...

हो हो, संपवतो. दुसरी चिठ्ठी आली, आता तर त्यावर काही लिहिलेलंही नाही.

एकच राहिलं. गाडी रुतली आणि शेजारी ट्रॅक्टर घेऊन आला, तर साखळी बंपरला बांधू नका. बंपर पत्र्याचा, तो निघून ट्रॅक्टरबरोबर जातो आणि गाडी जागेवर राहते. चासीला हूक असतो, पुढं आणि मागं. तो आज घरी गेल्यावर बॅटरीच्या उजेडात शोधून ठेवा, कारण लागेल तेव्हा तो चिखलाखाली असणार. साखळीवर एक ओलं पोतं टाका, म्हणजे तुटली तरी उसळून काचेवर येत नाही. पोरांना लांब उभं करा. आणि ट्रॅक्टरवाल्याला आधी सांगा, झटका देऊ नको, ताणून घे आणि हळू ओढ.

बाकी प्रश्न चहाला. मुरमाच्या ट्रॉलीचा भाव ज्यांना विचारायचाय त्यांनी माझ्याकडं येऊ नका, ते तिसऱ्या रांगेत टोपी घालून बसलेत.