पांढरी एक, पांढरी सहा

नमस्कार श्रोतेहो. माझ्या मांडीवर गिटार आहे आणि शेजारच्या टेबलावर पेटी. गिटारवर बोलायला आलेल्या माणसाला पेटी कशाला लागते, ते लगेच सांगतो.

गेल्या पावसाळ्यात एक मुलगी माझ्याकडे गिटार शिकायला यायला लागली. पेटीवर प्रवेशिका परीक्षा पूर्ण झालेली, कान तयार. तिसऱ्या आठवड्यात वही पुढे करून म्हणाली, "सर, मेजर स्केल बारा आणि मायनर बारा. म्हणजे चोवीस नकाशे पाठ करायचे?" स्केल म्हणजे सा पासून वरच्या सा पर्यंतची स्वरांची शिडी. वहीत खरंच चोवीस चौकटी आखलेल्या. मेजर लाल शाईने, मायनर निळ्या. मी म्हटलं, वही मिट आणि पेटी काढ.

तिच्याकडून करून घेतलं ते तुम्हीही ऐका. पांढरी एक या पट्टीपासून वर निघायचं आणि पुढच्या पांढरी एकवर थांबायचं. काळ्या पट्टीला हात लावायचा नाही.

(पेटी: पांढरी एकपासून आरोह)

सगळे स्वर शुद्ध. आपला बिलावल थाट; थाट म्हणजे सात स्वरांचा साचा. गिटारवाला यालाच सी मेजर म्हणतो. आता याच पांढऱ्या पट्ट्या, पण निघायचं पांढरी सहापासून आणि थांबायचंही पुढच्या पांढरी सहावर.

(पेटी: पांढरी सहापासून आरोह)

बदललं ना वातावरण? गंधार, धैवत आणि निषाद, तिन्ही कोमल, म्हणजे अर्ध्या स्वराने उतरलेले, ऐकू आले. पट्टी मात्र एकही नवीन लावली नाही. सा हलला, आणि सा हलला की बाकी सगळ्यांची नावं बदलतात. हा झाला आसावरी थाट. गिटारवर हाच ए मायनर.

आपल्याकडे या खेळाला मूर्च्छना म्हणतात. संगीतशास्त्रकार पंडित भातखंडे यांनी मांडलेल्या दहा थाटांपैकी सहा थाट निव्वळ पांढऱ्या पट्ट्यांत बसलेले आहेत. बिलावलच्या सा वरून निघालात तर बिलावल, रे वरून काफी, ग वरून भैरवी, म वरून कल्याण, प वरून खमाज आणि ध वरून आसावरी. नी वरून निघालं तर पंचमच सापडत नाही, म्हणून तिथे थाट नाही. अर्थात थाट म्हणजे राग नव्हे, हे पेटी शिकलेल्यांना सांगायला नको. स्केललाही तेच लागू आहे. ती स्वरांची पिशवी आहे, गाणं नाही.

आता गिटार. फ्रेट म्हणजे गिटारच्या मानेवरचं एकेक घर. पाचवी तार घ्या, ए ची. मोकळी तार वाजवा आणि मग त्याच तारेवर दुसरा, तिसरा, पाचवा, सातवा, आठवा, दहावा आणि बारावा फ्रेट. हा ए मायनर. आता मोकळी तार आणि दुसरा फ्रेट सोडून द्या. तिसऱ्यापासून निघा, बाराव्यावर न थांबता चौदावा आणि पंधरावा घ्या.

(गिटार: पाचव्या तारेवर तिसऱ्या ते पंधराव्या फ्रेटपर्यंत)

सी मेजर. बोटांच्या जागा जवळजवळ त्याच. मेजरचा सा आणि त्याच्या जोडीदार मायनरचा सा यांच्यात तीन फ्रेटचं अंतर असतं. मेजरच्या सा पासून तीन फ्रेट मागे या, मायनरचं घर मिळेल. सहाव्या तारेवर जी हा स्वर तिसऱ्या फ्रेटवर आहे. तीन मागे आलात की मोकळी तार, ई. म्हणून जी मेजरची जोडी ई मायनरशी. डी ची बी मायनरशी. चोवीस चौकटींच्या झाल्या बारा, आणि त्या बाराही एकच आकार पुढेमागे सरकवून मिळतात.

कॉर्डमध्ये, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांत, तर ही जवळीक बोटांना कळते. सी कॉर्ड धरा. तर्जनी आणि मधलं बोट जागेवरच राहू द्या, फक्त अनामिका पाचव्या तारेवरून उचलून तिसऱ्या तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर ठेवा. ए मायनर तयार. तीनपैकी दोन स्वर, सी आणि ई, दोन्ही कॉर्डमध्ये आहेत. फक्त जी च्या जागी ए येतो.

इथे एक गोंधळ मी दर बॅचला बघतो. सी मेजर आणि ए मायनर ही एक जोडी. सी मेजर आणि सी मायनर ही वेगळीच गोष्ट. पहिल्या जोडीत स्वर तेच राहतात, सा बदलतो. दुसरीत सा तिथेच राहतो आणि तीन स्वर कोमल होतात. पहिली मूर्च्छना, दुसरा सरळ थाटबदल. दुसरा प्रकार ऐकायचा असेल तर ई मेजर धरा आणि तर्जनी उचला, बस्स.

(गिटार: ई मेजर, ई मायनर)

पण स्वर तेच असतील तर कानाला कसं कळतं की हा सी मेजर आहे का ए मायनर? मैफलीत हा प्रश्न येत नाही, कारण मागे तानपुरा सा ठोकून ठेवतो. गवयाने मूर्च्छनेने दुसऱ्या रागाचा भास केला तरी क्षणभरच. गिटारला तानपुरा नाही. ते काम कॉर्ड करते, आणि कॉर्ड तर सारखी बदलते. म्हणून मागे सी ची कॉर्ड घुमत असताना तुम्ही कितीही निष्ठेने ए मायनरची स्केल वाजवा, ऐकणाऱ्याला सी मेजरच ऐकू येणार. मुलं मला सांगतात, "सर, मायनर वाजवतोय, पण मायनर वाटत नाही." मी विचारतो, खाली काय वाजतंय?

पाच स्वरांत ही गंमत जास्त स्वच्छ ऐकू येते. पाचव्या फ्रेटवरची ती प्रसिद्ध पेंटॅटॉनिक चौकट, गिटारवाल्यांची बाराखडी. सहाव्या तारेवर पहिल्या बोटाखाली ए, करंगळीखाली आठव्या फ्रेटवर सी. करंगळीला सा मानून वाजवलंत तर भूप राग. पहिल्या बोटाला सा मानलंत तर धानी.

(गिटार: भूप, मग धानी)

हात जागचा हलला नाही. आणि धानी ऐकून कोणी रडतं का हो? चांगला अवखळ राग आहे. मायनर म्हणजे दुःखी हे समीकरण मला कधीच पटलेलं नाही. लय आणि चाल बदलली की ते कोसळतं.

ती मुलगी खूश होऊन गेली. पुढच्या आठवड्यात तक्रार घेऊन आली. म्हणाली, "गाणं ए मायनरमध्ये आहे, पण त्यात काळी चार लागतेय. तुम्ही तर म्हणालात, सगळ्या पांढऱ्या." कान खरंच तयार होता. मायनरमध्ये कोमल निषाद सा पासून दोन फ्रेट लांब असतो, त्यामुळे सा कडे ओढ कमी पडते. म्हणून पुष्कळदा तो एक फ्रेट वर चढवतात, जी चा जी शार्प होतो, हीच ती काळी चार, आणि ई मायनरची कॉर्ड ई मेजर बनते. मग परत घरी यायची घाई त्या कॉर्डमध्येच ऐकू येते. आपण ज्याला कीरवाणी म्हणतो तेच हे स्वर.

तिने ऐकून घेतलं, वही उघडली आणि दप्तरात हिरवं पेन शोधायला लागली.

(गिटार: ई मेजर, ए मायनर)