मी खातेय, मी खातोय

(नाशिकमधल्या एका व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महाराज, आणि एवढ्या पावसात आलेल्या मंडळींनो,

पत्रिकेवर माझ्या विषयाचं नाव 'ऑटिझम आणि वर्तन विश्लेषण : पदव्युत्तर शिक्षणाची दिशा' असं छापलंय. ते मी दिलेलं नाही. मी फोनवर म्हटलं होतं, 'मुलांना शिकवणाऱ्यांना कोण शिकवतं?' छापखान्यात पोचेपर्यंत त्याची दिशा झाली. असो. दिशा दाखवीन, पण शेवटी. आधी मला एका आजींची गोष्ट सांगायचीय. पहिल्या रांगेतल्या माझ्या सहकारी आत्ताच एकमेकींकडे बघायला लागल्यात, कारण त्यांनी ती निदान दहा वेळा ऐकलीय. त्यांनी चहाचं बघितलं तरी चालेल.

सभागृहात निम्मे पालक दिसतायत आणि उरलेल्या बहुतेक विशेष शिक्षिका. त्यामुळे ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता, काय असते आणि एबीए, म्हणजे उपयोजित वर्तन विश्लेषण, काय असतं, हे सांगत बसत नाही. कुणी गाण्याचा कार्यक्रम समजून आलं असेल तर एबीएबद्दल एवढंच सांगते: माणूस एखादी गोष्ट करतो त्याच्या आधी काय घडतं आणि नंतर काय घडतं हे नीट पाहायचं, मोजायचं, आणि त्यात थोडा थोडा बदल करून शिकवायचं. तुम्ही घरी हे करताच. फक्त मोजत नाही.

आता हे काम करायला माणूस तयार कसा होतो? अमेरिकेत १९९८ साली यासाठी एक प्रमाणपत्र मंडळ निघालं. पदव्युत्तर पदवी घ्या, ठरलेला अभ्यासक्रम पुरा करा, देखरेखीखाली प्रत्यक्ष काम करा, मग चार तासांची परीक्षा द्या. माझ्या वेळी प्रत्यक्ष कामाचे दीड हजार तास होते, आता दोन हजार आहेत. त्यातले किमान पाच टक्के तास तरी सुपरवायझरच्या सहवासात गेले पाहिजेत. म्हणजे माझ्या वाट्याला पंचाहत्तर तास. दीड हजार तासांत पंचाहत्तर! आमच्या लहानपणी भरतनाट्यमच्या बाईसुद्धा यापेक्षा जास्त वेळ डोक्यावर उभ्या असायच्या.

सुरुवात अशी नव्हती. १९६४ साली वुल्फ, रिस्ली आणि मीस या तिघा अमेरिकन संशोधकांनी एक निबंध छापला. वॉशिंग्टन राज्यातल्या एका मनोरुग्णालयात साडेतीन वर्षांचा मुलगा होता. निबंधात त्याचं नाव डिकी आहे. मोतीबिंदूमुळे डोळ्यांतली भिंगं काढलेली, चष्मा लावला नाही तर दृष्टी जायची वेळ, आणि हा पठ्ठ्या चष्मा लावू देईना. यांनी आधी नुसत्या काचा नसलेल्या फ्रेमा खोलीत ठेवल्या. हात लावला तर खाऊ, उचलली तर खाऊ, चेहऱ्याजवळ नेली तर खाऊ. काम रेंगाळलं, तेव्हा त्याची न्याहारीच या सरावाला जोडली. आज असं कुणी करू देणार नाही, आणि देऊही नये. पण मूल घरी गेलं तेव्हा दिवसाला सुमारे बारा तास चष्मा लावत होतं. मला यात महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. यातला रिस्ली तेव्हा विद्यार्थी होता. पीएचडी व्हायची होती. त्याचं पदव्युत्तर शिक्षण त्या वॉर्डात झालं, मुलाच्या समोर बसून. सुपरवायझरही तिथेच.

माझं झालं नाशिकमध्ये, रात्री साडेआठला, लॅपटॉपसमोर. तिकडे सकाळचे दहा. २००९ची गोष्ट. अमेरिकेत शिकून मी परत आले होते आणि उरलेले तास इथे भरत होते. माझ्या सुपरवायझर बाई फार सज्जन. आठवड्याला एकदा माझ्या सेशनचा व्हिडिओ बघायच्या, डेटा शीट बघायच्या, सूचना द्यायच्या. विद्यापीठाचं नाव सांगत नाही. त्यांचा काही दोष नाही, आणि असला तर तो माझा जास्त आहे.

मुलगा पाच वर्षांचा. गंगापूर रोडला घर, आजी-आजोबा, आई-बाबा असं भरलेलं. तो शब्द बोलायचा, वाक्य नाही. टार्गेट ठरलं : चालू असलेली क्रिया 'मी' लावून सांगणे. पाच सेकंदांत सांगितलं तर बरोबर. सलग तीन सेशनमध्ये ऐंशी टक्के बरोबर आलं की टार्गेट पुरं. पद्धत अशी की दोघांनी मिळून तीच कृती करायची आणि मी नमुना द्यायचा. आम्ही केळं खायचो, मी म्हणायचे, 'मी खातेय.' तो म्हणायचा, 'मी खातेय.' शाबास! केळ्याचा तुकडा. घरी आई तेच करायची. सहा आठवड्यांत आलेख जिन्यासारखा वर. ऐंशी, पंच्याऐंशी, नव्वद टक्के. सुपरवायझर बाईंनी पडद्यावरून टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी मी त्या घरी गेले. आजी गवार मोडत बसल्या होत्या. म्हणाल्या, "बाई, एक विचारू का? रागवू नका. तुम्ही शिकलेल्या. पण आमचं पोरगं मुलीवानी का बोलायला लागलंय? मी खातेय, मी झोपतेय. खालच्या मजल्यावरची पोरं हसतात त्याला."

आता तुम्ही म्हणाल, अहो बाई, तुम्ही मराठी ना? तुम्हाला ऐकू येत नव्हतं? येत होतं. कानाला येत होतं. पण माझ्या हातातल्या कागदावर इंग्रजीत लिहिलं होतं 'आय ॲम ईटिंग', आणि मी त्या कागदावरच्या वाक्याला टिक करत होते. मुलाच्या तोंडातून आलेल्या वाक्याला नाही. पंधरा वर्षं मी याच एका टिकमार्कबद्दल बोलत फिरतेय, असं माझ्या सहकारी म्हणतात. त्यांचं बरोबर आहे.

रात्री सुपरवायझर बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "पण अर्थ तोच आहे ना? मग व्याख्येप्रमाणे उत्तर बरोबर आहे." म्हटलं, अर्थ तोच आहे, पण मुलगा मुलीचं वाक्य बोलतोय. त्यांनी विचार केला आणि विचारलं, "दोघांना चालेल असं तटस्थ रूप नाही का तुमच्या भाषेत?" म्हटलं, बाई, आमच्यात चमचा पुरुष आहे, वाटी बाई आहे आणि ताट नपुंसक. तटस्थ कुठून आणू? (हशा) त्या हसल्या नाहीत. त्यांनी ते लिहून घेतलं. सज्जन बाई, म्हटलं ना.

उपाय आजोबांनी काढला. ते एसटीतले निवृत्त कंडक्टर. म्हणाले, "तुम्ही सगळ्या बायका त्याला शिकवताय. मी बसतो की त्याच्यासमोर." बसले. केळं खाऊन कंटाळले की घरातल्या जुन्या बॅगेतून तिकिटं काढायचे आणि म्हणायचे, 'मी तिकीट फाडतोय.' तीन आठवड्यांत मुलगा 'मी खातोय', 'मी फाडतोय' म्हणायला लागला. सगळी खूश. आणि मग एका सकाळी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून आईकडे बघत म्हणाला, 'आई खातोय.'

इथे माझं पदव्युत्तर शिक्षण खरं सुरू झालं. मुलानं फक्त 'तोय' ही चाल पकडली होती. ती कुणाची, हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. मग आजी आणि आजोबा दोघांना शेजारी बसवलं. एक कृती आजोबांची, एक आजीची, आणि मध्ये हा. 'आजी काय करतेय?' 'आजोबा काय करतोय?' (सभागृहातून : 'करतायत!') हो, करतायत. बघा, तुम्ही सहन केलं नाहीत. आजींनीही केलं नव्हतं. 'अहो बाई, आजोबांना अरेतुरे शिकवताय?' म्हणून त्या दिवशी आणखी एक रकाना वाढला.

आणि हे करताना एक गंमत सापडली. मुलाला मी विचारायचे, 'काय करतोयस?' त्याला उत्तर द्यायचं होतं 'खातोय.' म्हणजे प्रश्नातच उत्तराची अर्धी किल्ली होती! 'करतोयस'मधला शेवटचा 'स' काढला की राहिलेली चाल त्याची स्वतःची. आजीला विचारलं 'करतेयस?' तर 'करतेय.' इंग्रजीत 'यू'चं 'आय' करताना आमची मुलं अडखळतात, हे सगळे जण सांगतात. मराठीत 'तू'चं 'मी' करताना तशीच अडखळतात, पण मराठीने क्रियापदात त्यांच्यासाठी एक काठी ठेवलीय, हे कुठल्याही पुस्तकात मला भेटलं नाही.

मग मी आणखी खोलात गेले. मागणीला आमच्या शास्त्रात 'मँड' म्हणतात. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्किनरसाहेबांनी १९५७ सालच्या ग्रंथात हा शब्द काढला, 'कमांड' आणि 'डिमांड' यांच्या शेपटावरून. पहिल्यांदा तो ऐकला तेव्हा मला वाटलं, हे मांडी घालण्याबद्दल काहीतरी असेल. आता बघा, मागणी मराठीत कशी करतो? 'मला पोळी पाहिजे.' बोलणारा मुलगा की मुलगी, काही फरक नाही. पोळी, आंबा, पाणी, 'पाहिजे' तेच. 'हवं' घेतलं की लगेच हवा, हवी, हवं. पुणेकरांनी रागावू नये, पण पहिलं वाक्य 'पाहिजे'चं. 'हवं' नंतर. पुढची पायरी भूतकाळाची. 'मी पोळी खाल्ली, मी आंबा खाल्ला.' क्रियापद पोळीकडे बघतं, माझ्याकडे नाही. माझ्या सुपरवायझर बाई जे तटस्थ रूप मागत होत्या ते होतं तर! (एक गृहस्थ हात वर करतात : 'आणि मी पाणी प्यायलो?') सर मराठीचे शिक्षक दिसतायत. बरोबर. पिणे, शिकणे, विसरणे, बोलणे, ही क्रियापदं तिथे दगा देतात. 'मी गेलो'ही देतो. म्हणून त्यांना यादीत मागे टाकायचं, आणि 'मी खातोय' त्याच्याही मागे. आम्ही सगळ्यात अवघड वाक्यापासून सुरुवात केली होती, कारण इंग्रजीत ते सोपं आहे.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं. म्हणजे दिशा.

तर त्या अमेरिकन प्रमाणपत्र मंडळाने २०२३पासून भारतातून नवे अर्ज घेणं बंद केलं. अमेरिका आणि मोजके देश, बस्स. आमच्या कितीतरी मुली तास भरता भरता अधांतरी राहिल्या. दुसरी आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्रं आहेत, घेतायत लोक, घ्यावीत. मला मात्र यात रडण्यासारखं सगळंच दिसत नाही. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकारांत ऑटिझम आहे. २०२१च्या संलग्न आरोग्य व्यावसायिकांच्या कायद्याच्या अनुसूचीत वर्तन विश्लेषक हा व्यवसाय लिहिलेला आहे. म्हणजे कधी ना कधी इथला अभ्यासक्रम कुणीतरी लिहिणार आहे. तो तिकडचा तसाच उतरवू नका, एवढंच माझं मागणं. मँड समजा.

पदव्युत्तर अभ्यासात एक पूर्ण सत्र मुलांच्या मराठीला द्या. ते भाषाशास्त्राच्या आणि मराठीच्या माणसांनी शिकवावं, आम्ही नव्हे. अहिराणी बोलणाऱ्या घरात प्रमाण मराठी लादायची की नाही, हेही तिथेच ठरवायला शिकवा. सुपरवायझर दूर असला तरी चालेल, पण मुलाची भाषा ज्याच्या कानात नाही त्याने त्या मुलाच्या बोलण्यावर टिक करू नये. तासांपैकी निदान तिसरा हिस्सा घरात भरा, आणि स्वयंपाकघरातले तास धरा. सेंटरमध्ये सगळी मुलं हुशार असतात.

आणि मोठ्या झालेल्या ऑटिस्टिक माणसांना शिकवायला बोलवा, मानधन देऊन. ऑटिझमवर एबीए वापरणारे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लोवास यांचा १९८७चा निबंध आमच्यात सगळ्यांना पाठ आहे. एकोणीस मुलं, आठवड्याला चाळीस तास, नऊ मुलं नेहमीच्या शाळेत. पण त्याच्या आधीच्या वर्षांत याच लोवास यांनी मुलांना चापट आणि विजेचा झटका वापरला होता, हे मात्र वर्गात घाईने उरकतात, जसं मी आत्ता उरकतेय. माझ्याकडेही 'डोळ्यात बघ' हे टार्गेट होतं. मी ते काढून टाकलं, कारण एका तरुणाने मला सांगितलं की डोळ्यात बघितलं की मला तुमचं बोलणं ऐकू येत नाही. हे मला दीड हजार तासांत कुणी सांगितलं नव्हतं.

वुल्फ यांनी, तेच चष्म्यावाले, १९७८ साली लिहिलं की नुसता आलेख पुरेसा नाही, ज्यांच्यासाठी करताय त्यांना हे चालतंय का, उपयोगाचं वाटतंय का, ते विचारा. परीक्षेत यावर प्रश्न होता. मी बरोबर उत्तर दिलं होतं. आजींनी गवार मोडता मोडता तोच प्रश्न विचारला तेव्हा मात्र मी त्यांना आलेख दाखवायला निघाले होते.

दुसरी चिठ्ठी आली. अध्यक्ष महाराज, दोन मिनिटं. मागच्या टेबलावर एक वही ठेवलीय. तुमच्या घरात तीन ते सहा वर्षांचं मूल असेल, ऑटिझम असो नसो, तर त्याची 'मी'ची पाच वाक्यं लिहा. मूल मुलगा की मुलगी, घरात जास्त वेळ कुणाबरोबर असतं, घरची बोली कुठली. नाव-पत्ता नको. आणि कृपा करून वाक्य दुरुस्त करून लिहू नका. मागच्या वेळी एका आजोबांनी सगळी वाक्यं शुद्ध करून दिली होती, वर खाली रेघ मारून सही. ती पानं माझ्या काहीच कामाची नाहीत. चहा आधी घ्या, नाहीतर वहीवर सांडतो.