टेदरिंगसाठी रूट : आधी बॅकअप, मग कुलूप

(दृश्य : टी-मोबाइल जी-वन. पडदा वर सरकतो, खालून कळफलक उघडतो.)

ऑक्टोबर २००८. अमेरिकेच्या बाजारात आलेला हा पहिला अँड्रॉइड फोन. बनवला एचटीसीने, विकला टी-मोबाइलने. कळफलकावर एंटर दाबायचं, इंग्रजीत ‘रीबूट’ लिहायचं आणि पुन्हा एंटर. फोन खरोखरच बंद होऊन परत सुरू व्हायचा. पडद्यामागे एक रूट शेल, म्हणजे फोनवरचे सगळे अधिकार असलेली आज्ञांची खिडकी, चुकून चालू राहिलं होतं आणि बोटाखालचं प्रत्येक अक्षर तिथेही पोचत होतं. लोकांनी मग ‘टेलनेटडी’ (दुसऱ्या यंत्रावरून आज्ञा घेणारा प्रोग्राम) लिहिलं आणि फोनचा सगळा ताबा मिळवला. पुढच्या अपडेटने ते भोक बुजवलं.

ताबा मिळाल्यावर अनेकांनी पहिलं काम कोणतं केलं? फोनचं इंटरनेट लॅपटॉपला दिलं, म्हणजेच टेदरिंग. अँड्रॉइडमध्ये हॉटस्पॉटचं बटण २०१० साली, २.२ म्हणजे फ्रोयो आवृत्तीत आलं. त्याआधी ज्यांना टेदरिंग हवं, त्यांतले बरेच जण रूट करायचे, म्हणजे फोनचा असा पूर्ण ताबा घ्यायचे.

(दृश्य : उघडा फोन, मदरबोर्डवरून सरकणारा कॅमेरा.)

राउटरला जे लागतं ते सगळं या पाटीवर आहे. मोबाइल नेटवर्कचं मोडेम आहे, वाय-फाय आहे, आणि दोघांच्या मधे लिनक्स कर्नल, म्हणजे सिस्टमचा गाभा, आहे. एका दारातून आलेलं पॅकेट दुसऱ्या दाराने बाहेर पाठवणं हे लिनक्सचं जुनं काम. अडतं ते परवानगीपाशी. डेटाचे पैसे तुम्ही भरलेले असतात, तरी तो कोणत्या पडद्यावर वापरायचा हे काही कंपन्यांना स्वतः ठरवायचं असतं. अमेरिकेत व्हेरायझन टेदरिंगसाठी महिन्याला २० डॉलर वेगळे घेत असे, आणि फुकट टेदरिंग करून देणारी ॲप्स आपल्या ग्राहकांना दिसू नयेत असं तिने गूगलला सांगितलं होतं. तिच्याकडच्या ७०० मेगाहर्ट्‌झच्या सी ब्लॉक या लहरींच्या पट्ट्याला मात्र सरकारची अट होती, की ग्राहकाने निवडलेली ॲप्स आणि उपकरणं अडवायची नाहीत. ३१ जुलै २०१२ रोजी दूरसंचार नियामकाशी प्रकरण मिटलं, साडेबारा लाख डॉलर भरून.

आपल्याकडे बहुतेक प्लॅनमध्ये हॉटस्पॉट त्याच रोजच्या डेटातून चालतो. तुमचा चालत असेल तर रूटच्या भानगडीत पडायचं कारण नाही. अमेरिकेत शिकायला गेलेल्या मुलांच्या स्वस्त प्रीपेड प्लॅनमध्ये मात्र ‘हॉटस्पॉट नाही’ ही ओळ अजून सापडते. पुढचं सगळं तसल्या प्लॅनसाठी.

(दृश्य : टेबलावर पिक्सेल ७, लॅपटॉप, दोन केबली.)

फोन गूगलचा पिक्सेल ७. गूगलच्या यादीतलं त्याचं नाव पँथर. तो निवडला कारण त्याचा बूटलोडर (फोन सुरू होताना आधी चालणारा आणि सिस्टम तपासणारा प्रोग्राम) रीतसर उघडता येतो आणि मूळ सॉफ्टवेअर गूगल स्वतः उतरवायला देते. चूक झाली तरी परतीची वाट राहते. दुसऱ्या कंपनीचा फोन असेल तर आधी ही वाट आहे का ते पाहा. नसेल तर थांबा.

केबलींपैकी डावीकडची फक्त चार्जिंगची आहे. दिसायला दोन्ही सारख्याच, पण डावीमध्ये डेटाच्या तारा नाहीत. फोन चार्ज होतो, लॅपटॉपला दिसत नाही, आणि माणूस तासभर ड्रायव्हर बदलत बसतो. यूएसबी हबही नको. केबल थेट लॅपटॉपला लावा. बॅटरी निम्म्याच्या वर हवी.

(दृश्य : सेटिंग्ज. बोट ‘बिल्ड नंबर’वर सात वेळा टेकतं.)

‘अबाउट फोन’मध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा टॅप केलं, की डेव्हलपर ऑप्शन्स उघडतात. आत यूएसबी डीबगिंग चालू करायचं. हा बिल्ड नंबर कागदावर उतरवून घ्या, अक्षरन् अक्षर. थोड्या वेळाने त्याच्यावरच सगळं अवलंबून आहे.

त्याच यादीत ‘ओईएम अनलॉकिंग’, म्हणजे बूटलोडर उघडायची परवानगी. तेही चालू करा. बटण करडं दिसत असेल तर फोन इंटरनेटला जोडून पाहा. तरीही करडंच राहिलं तर फोन बहुधा मोबाइल कंपनीच्या दुकानातून आला आहे. व्हेरायझनने विकलेल्या पिक्सेलचं हे बटण उघडत नाही. जुना पिक्सेल घेणार असाल तर पैसे देण्याआधी हे बटण दाबून बघा.

(दृश्य : लॅपटॉपचा काळा पडदा. फायलींची नावं सरसर वर जातात.)

आता बॅकअप. बूटलोडर उघडताना फोन स्वतःला पूर्ण पुसतो. ही सुरक्षेची सोय आहे, तिला वळसा घालता येत नाही. चोराने फोन उघडला तरी त्याला आतलं काही मिळू नये, म्हणून.

लॅपटॉपवर गूगलचं ‘प्लॅटफॉर्म टूल्स’ ताजं उतरवा. लॅपटॉपवरून फोनला आज्ञा देणारी एडीबी आणि फास्टबूट ही साधनं त्यातच आहेत. जुन्या आवृत्तीने नव्या फोनवर फ्लॅश करू नका, म्हणजे सिस्टमची फाइल लिहू नका. पहिली आज्ञा ‘एडीबी डिव्हाइसेस’. फोनच्या पडद्यावर परवानगीचा चौकोन येतो, तिथे ‘अलाऊ’ म्हणायचं. मग ‘एडीबी पुल’, पुढे हायफन ए, पुढे एसडीकार्डचा मार्ग. हायफन ए विसरलात तर फायलींच्या मूळ तारखा जातात आणि दहा वर्षांचे फोटो एकाच दिवशी काढल्यासारखे दिसतात.

ही आज्ञा फोटो, व्हिडिओ, डाउनलोड आणि व्हॉट्सॲपचं मीडिया फोल्डर आणते. ॲप्सच्या पोटातला खाजगी डेटा आणत नाही. ‘एडीबी बॅकअप’ ही जुनी आज्ञाही इथे उपयोगाची नाही. अँड्रॉइड १२ पासून ती नव्या ॲप्सचा डेटा घेतच नाही, फाइल मात्र तयार करते. त्या फायलीच्या भरवशावर राहू नका.

म्हणून उरलेलं एकेक करून. कॉन्टॅक्ट्स व्हीसीएफ फायलीत. एसएमएस आणि कॉलची यादी बॅकअपच्या ॲपमधून एक्सएमएल फायलीत. व्हॉट्सॲपचा बॅकअप त्याच्या स्वतःच्या सेटिंगमधून. एन्क्रिप्शनचा पासवर्ड ठेवला असेल तर तो कागदावर, कारण त्याच्याशिवाय ती फाइल उघडणार नाही. आणि सगळ्यांत जास्त विसरलं जाणारं, ऑथेंटिकेटरचे सहा आकडी कोड. ते दुसऱ्या फोनवर एक्सपोर्ट करा आणि तिथले कोड चालतात का, एकदा लॉग इन करून पाहा.

(दृश्य : लॅपटॉपवर फोटो उघडतात, एकामागून एक.)

कॉपी झालं म्हणजे बॅकअप झाला असं नाही. मधला एखादा फोटो, एखादा मोठा व्हिडिओ उघडून पाहा. फोल्डरचा आकार फोनशी ताडून पाहा.

(दृश्य : गूगलचं फॅक्टरी इमेजचं, म्हणजे मूळ सॉफ्टवेअरचं पान.)

इथे तो कागद काढा. ‘पँथर’च्या खाली तुमचाच बिल्ड नंबर शोधायचा, जवळपासचा चालत नाही. झिप उतरली, की पानावर दिलेली शा-२५६ ची, म्हणजे फाइल अस्सल आहे का ते पडताळायची लांबलचक ओळ आपल्या फायलीशी जुळवायची. झिपच्या आत आणखी एक झिप, तिच्या आत ‘इनिट बूट डॉट आयएमजी’. काही मेगाबाइटची एवढीशी फाइल. रूट होतं ते हिच्यातून.

बरेच जण इथे चुकतात. जुनी माहिती वाचतात आणि ‘बूट डॉट आयएमजी’ उचलतात. पिक्सेल ६ पर्यंत ते बरोबर होतं. अँड्रॉइड १३ घेऊन बाजारात आलेल्या फोनमध्ये, म्हणजे पिक्सेल ७ पासून, सुरुवातीचा रॅमडिस्क (फोन उठताना लागणाऱ्या पहिल्या फायलींचा गठ्ठा) इनिट बूटमध्ये गेला.

मूळ इनिट बूटची एक प्रत बाजूला ठेवा, नावात ‘मूळ’ लिहून. गाडं अडलं तर तीच सोडवेल.

(दृश्य : पॉवर आणि आवाज कमी करण्याचं बटण एकत्र दाबलेलं. फास्टबूटचा पडदा.)

ओईएम अनलॉकिंग चालू आहे ना, बघून घ्या. मग ‘एडीबी रीबूट बूटलोडर’. फोन या पडद्यावर आला, की ‘फास्टबूट डिव्हाइसेस’. विंडोजवर नेमकं इथेच घोडं पेंड खातं. एडीबीला दिसणारा फोन फास्टबूटला दिसत नाही आणि ‘वेटिंग फॉर एनी डिव्हाइस’ अशी ओळ तशीच उभी राहते. फास्टबूटमधल्या फोनला विंडोज वेगळं उपकरण समजतं, म्हणून डिव्हाइस मॅनेजरमध्ये गूगलचा यूएसबी ड्रायव्हर पुन्हा निवडावा लागतो. लिनक्स आणि मॅकवर ड्रायव्हर लागत नाही.

आता ‘फास्टबूट फ्लॅशिंग अनलॉक’. फोन विचारतो. आवाजाच्या बटणाने ‘अनलॉक द बूटलोडर’पर्यंत यायचं, पॉवरने होकार द्यायचा.

(दृश्य : फोन पुसला जातो. मग इशाऱ्याचा पडदा, तसाच काही क्षण.)

हा इशारा यापुढे प्रत्येक वेळी फोन सुरू होताना दिसेल. बिघाड नाही. बूटलोडर उघडा आहे एवढंच तो सांगतो, आणि काही सेकंदांनी फोन आपोआप पुढे जातो.

फोन नव्यासारखा सुरू झाला. यूएसबी डीबगिंग पुन्हा चालू करा, पुसताना तेही गेलं. बिल्ड नंबर पुन्हा एकदा बघा. मधेच अपडेट उतरला असेल तर हातातली फाइल जुनी झाली. डेव्हलपर ऑप्शन्समधलं ‘ऑटोमॅटिक सिस्टम अपडेट्स’ बंद करून टाका.

(दृश्य : मॅजिस्कचा पडदा. हिरव्या ओळी खाली खाली उतरतात.)

मॅजिस्क, रूट करून देणारं ॲप. जॉन वू यांनी २०१६ साली सुरू केलेलं, उघड्या सोर्सचं. ते त्याच्या गिटहबच्या पानावरूनच घ्या. मॅजिस्कच्या नावाने चालणाऱ्या दुसऱ्या साइट त्यांच्या नाहीत. इनिट बूटची फाइल फोनवर पाठवायची, ॲपमध्ये ‘इन्स्टॉल’, मग ‘सिलेक्ट अँड पॅच अ फाइल’. डाउनलोड फोल्डरमध्ये ‘मॅजिस्क पॅच्ड’ नावाची नवी फाइल तयार होते. सिस्टमच्या विभाजनाला (पार्टिशनला) इथे हात लागत नाही, म्हणून परत फिरणंही सोपं.

ही फाइल लॅपटॉपवर आणा. पुन्हा बूटलोडर. आज्ञा : ‘फास्टबूट फ्लॅश, इनिट अंडरस्कोर बूट’, आणि पुढे पॅच केलेल्या फायलीचं नाव. दोन ओळी उमटतात, दोन्हींच्या शेवटी ‘ओके’. मग ‘फास्टबूट रीबूट’.

गूगलच्या जी वर फोन घुटमळत राहिला, पुन्हा पुन्हा सुरू होऊ लागला, तर बिल्ड चुकला आहे. घाबरून फॅक्टरी रीसेट मारू नका. पॉवर आणि आवाज कमी, फास्टबूट, आणि बाजूला ठेवलेला ‘मूळ’ इनिट बूट त्याच आज्ञेने फ्लॅश करा.

रूट झाल्या झाल्या एक काम आधी. ‘एडीबी शेल’, मग ‘एसयू’. फोनवर मॅजिस्क परवानगी मागेल. ‘डीडी’ या आज्ञेने ईएफएस आणि पर्सिस्ट या दोन विभाजनांच्या प्रती काढा आणि लॅपटॉपवर न्या. ईएफएसमध्ये मोडेमची माहिती, पर्सिस्टमध्ये सेन्सरचं कॅलिब्रेशन. हे प्रत्येक फोनचं वेगळं असतं, गूगलच्या झिपमध्ये मिळत नाही. ते बिघडलं तर सिग्नल जातो. या प्रती कुणालाही देऊ नका.

(दृश्य : डावीकडे हॉटस्पॉट चालू झालेला फोन, उजवीकडे अडलेला ब्राउझर.)

आता टेदरिंग. कंपनी अडवते ती साधारण तीन प्रकारे. पहिला, फोनच टेदरिंगसाठी वेगळा डन नावाचा एपीएन (इंटरनेटला जोडायचं कंपनीचं दार) मागतो. त्यावर ‘सेटिंग्ज पुट ग्लोबल, टेदर डन रिक्वायर्ड, शून्य’. ही आज्ञा एडीबी शेलमधून चालते, रूटही लागत नाही. दुसरा, हॉटस्पॉट चालू करताना फोन कंपनीला विचारतो. ‘नेट डॉट टेदरिंग डॉट नोप्रोव्हिजनिंग’ ही प्रॉपर्टी मॅजिस्कच्या रीसेटप्रॉप या आज्ञेने ‘ट्रू’ केली, की तो विचारायचं सोडतो.

तिसरा गमतीचा आहे.

(दृश्य : पॅकेटची नोंद. एका स्तंभात ६४, ६४, ६४, मधेच ६३, मग १२७.)

प्रत्येक पॅकेटवर टीटीएल नावाचा आकडा असतो. अँड्रॉइड आणि लिनक्स ६४ ने सुरुवात करतात, मॅकही ६४, विंडोज १२८. वाटेत राउटर लागला की एक कमी. फोनचं स्वतःचं पॅकेट ६४ घेऊन बाहेर पडतं. लॅपटॉपचं फोनमधून जाताना ६३ होतं, विंडोजचं १२७. टॉवरपलीकडे बसलेल्याला तेवढं पुरतं.

रूट शेलमध्ये आयपीटेबल्सच्या (पॅकेटांवरचे नियम ठेवणारं लिनक्सचं साधन) मँगल टेबलात, पोस्टराउटिंगला, टीटीएल ६४ करण्याचा नियम टाकायचा. आयपीच्या सहाव्या आवृत्तीसाठी आयपी-सिक्स-टेबल्समध्ये हॉप लिमिट (टीटीएलचंच तिथलं नाव) ६४. दुसरा नियम राहिला तर अर्धी ट्रॅफिक पकडली जाते आणि नेट ‘कधी चालतं, कधी नाही’ असं वाटत राहतं.

नियमच नाकारला गेला, तर ‘प्रॉक’मधल्या ‘कॉन्फिग डॉट जीझेड’मध्ये टार्गेट एचएल शोधा. ‘नॉट सेट’ दिसलं तर कर्नलमध्ये तो भाग नाही. बऱ्याच फोनच्या मूळ कर्नलमध्ये तो नसतो आणि मग वेगळा कर्नल टाकावा लागतो. तेवढ्यासाठी कर्नल बदलण्याआधी लॅपटॉपचाच टीटीएल ६५ करून पाहा. लिनक्सवर सिस्कटलने, विंडोजवर नेटशेने एकेक ओळ. फोनमध्ये एक कमी होऊन बाहेर ६४ च जातो. टीव्ही किंवा टॅबलेटवर हे जमत नाही, तिथे फोनवरचाच नियम लागतो.

(दृश्य : आयपीटेबल्सचा मोजक, आकडा वाढत जातो.)

‘हायफन एल हायफन व्ही’ लावून नियम पाहिला, की शेजारी पॅकेटचा आकडा दिसतो. लॅपटॉपवर पान उघडलं की तो वाढायला हवा. स्थिर राहिला तर पॅकेटं आयपीटेबल्सला बगल देऊन जात आहेत. डेव्हलपर ऑप्शन्समधलं ‘टेदरिंग हार्डवेअर ॲक्सिलरेशन’ बंद करा, हॉटस्पॉट पुन्हा चालू करा. फोन थोडा जास्त तापेल.

फोन बंद-चालू केला की नियम उडतो. दोन्ही आज्ञा एका छोट्या स्क्रिप्टमध्ये लिहून डेटा, एडीबी, सर्व्हिस डॉट डी या फोल्डरमध्ये ठेवा, परवानगी ७५५.

बँकेची आणि पैशांची काही ॲप्स रूट केलेल्या फोनवर चालत नाहीत, वॉरंटीवर वाद होऊ शकतो, प्लॅनच्या अटी मोडल्या म्हणून कंपनी सेवा थांबवू शकते, आणि सॅमसंगवर नॉक्स या सुरक्षाव्यवस्थेचा फ्यूज एकदा उडाला की सिक्युअर फोल्डर कायमचा जातो.

(दृश्य : अपडेटची सूचना. बोट तिच्यावर थांबतं.)

अपडेट आला तर थेट घेऊ नका. मॅजिस्कमध्ये ‘रिस्टोअर इमेजेस’, मग अपडेट उतरू द्या, पण ‘रीस्टार्ट’ दाबायच्या आधी मॅजिस्कमधून ‘इन्स्टॉल टू इनॅक्टिव्ह स्लॉट’.

फोन विकायचा असेल किंवा बँकेची ॲप्स परत हवी असतील, तर आधी गूगलची संपूर्ण मूळ इमेज फ्लॅश करा, फोन एकदा नीट सुरू होऊ द्या, आणि त्यानंतरच ‘फास्टबूट फ्लॅशिंग लॉक’. बदललेला इनिट बूट आत असताना कुलूप लावलं तर फोन सुरू व्हायला नकार देतो आणि ओईएम अनलॉकिंगचं बटण बंद असेल तर तो उघडायची वाटही राहत नाही. कुलूप लावतानाही फोन पुसला जातो, तेव्हा बॅकअप त्याआधी पुन्हा घ्यावा लागतो.