मुंबईच्या पलटणीतून सिडनीच्या गव्हर्नरपदी

नमस्कार मंडळी.

मॅक्वारी स्ट्रीट, मॅक्वारी पार्क, मॅक्वारी युनिव्हर्सिटी. आपल्यातले कितीतरी जण रोज या नावाच्या पत्त्यावर कामाला नाहीतर शिकायला जातात. पण हा लॅकलन मॅक्वारी सिडनीला येण्याआधी आपल्या मुंबईत राहिला होता, ते आपल्या घरांतून फारसं बोललं जात नाही. म्हणून आज हा विषय घेतला.

स्कॉटलंडच्या पश्चिमेला उल्व्हा नावाचं चिमुकलं बेट आहे. मॅक्वारी तिथला, जन्म १७६२ चा. घरची परिस्थिती बेताची. मिसरूड फुटायच्या वयात तो फौजेत शिरला आणि अमेरिकेतल्या लढाईच्या काळात तिकडे राहून आला. १७८८ मध्ये ७७व्या पलटणीबरोबर तो मुंबईत उतरला. त्याच वर्षी कैद्यांचा पहिला ताफा इथे सिडनीला लागला होता. १७९२ च्या श्रीरंगपट्टणच्या वेढ्यात तो होता. त्या वेढ्यात हरिपंत फडक्यांची मराठी फौज इंग्रजांच्या बाजूने उभी होती, हे आपण विसरू नये. पुढे कोचीन, सिलोन, केरळातल्या वायनाडमध्ये इंग्रजांशी झुंजणाऱ्या पळश्शीराजाविरुद्धची मोहीम आणि १७९९ मध्ये पुन्हा श्रीरंगपट्टण.

१७९३ मध्ये मुंबईतच त्याने जेन जार्व्हिसशी लग्न केलं. तीन वर्षांत ती चीनच्या किनाऱ्यावरच्या मकाव इथे क्षयाने वारली. तिचा देह त्याने मुंबईला आणून दफन केला. आणि याच माणसाने कोचीनमध्ये दोन लहान मुलगे गुलाम म्हणून विकत घेतले होते. त्यांतला एक, जॉर्ज, पुढे त्याच्याबरोबर सिडनीलाही आला. त्याचे आईवडील कोण, गाव कुठलं, कुणी लिहून ठेवलं नाही. मला मॅक्वारीपेक्षा या मुलाची आठवण जास्त येते.

मॅक्वारी इथे आला तो वसाहतीची घडी पार विस्कटली होती म्हणून. रमच्या व्यापारावर पकड असलेल्या लष्करी अधिकाऱ्यांनी २६ जानेवारी १८०८ रोजी गव्हर्नर ब्लायला पदावरून खाली खेचलं होतं. आधीचे गव्हर्नर सगळे नौदलातले. या वेळी लंडनने भूदलातला माणूस निवडला आणि त्याची स्वतःची ७३वी पलटण सोबत दिली. १ जानेवारी १८१० ला त्याने सूत्रं हाती घेतली.

नंतरची बारा वर्षं त्याने बांधकामाचा सपाटा लावला. सरकारी तिजोरीत पैसा नव्हता, म्हणून तीन जणांना रम आयात करण्याचा मक्ता दिला आणि त्या बदल्यात त्यांच्याकडून इस्पितळ बांधून घेतलं. आजचं राज्याचं संसद भवन त्याच इस्पितळाचा एक भाग आहे. त्या तिघांपैकी एक डार्सी वेंटवर्थ. आपली निम्मी मंडळी जिथे किराणा भरायला जातात, त्या वेंटवर्थव्हिलला नाव मिळालं ते त्याचंच. नाण्यांचा तुटवडा पडला तेव्हा मद्रासहून ४०,००० स्पॅनिश डॉलर आले. मॅक्वारीने प्रत्येक नाण्याच्या मधोमध भोक पाडून एकाची दोन नाणी केली, कारण भोक पडलेलं नाणं वसाहतीबाहेर कुणी घेणार नव्हतं.

पण त्याचं सर्वांत मोठं धाडस माणसांच्या बाबतीत होतं. शिक्षा भोगून सुटलेल्या कैद्याला त्याचं पूर्वीचं स्थान परत मिळालं पाहिजे, असं तो मानायचा आणि त्याप्रमाणे वागायचा. नौदलातल्या बंडात शिक्षा झालेला डॉक्टर रेडफर्न त्याच्या घरचा डॉक्टर झाला. खोटा कागद केल्याबद्दल इथे पाठवलेल्या फ्रान्सिस ग्रीनवेला त्याने सरकारी वास्तुविशारद केलं. हाइड पार्क बराक्स ही ग्रीनवेचीच. पुढे त्याचं चित्र दहा डॉलरच्या नोटेवर आलं. सुटलेल्या कैद्यांना त्याने आपल्या पंगतीला बसवलं, मॅजिस्ट्रेट केलं. प्रतिष्ठितांनी लंडनकडे तक्रारी केल्या, चौकशीसाठी बिग नावाचा आयुक्त आला, आणि मॅक्वारीची उमेद खचली. १८२४ मध्ये तो लंडनला वारला. परक्या देशात नव्याने घर उभं केलेल्या आपल्यासारख्यांना त्याची ही बाजू जवळची वाटते. मलाही वाटते.

मात्र ही उदारता कैद्यांपुरतीच होती. या भूमीच्या मूळ लोकांशी संघर्ष वाढला तेव्हा १८१६ मध्ये त्याने तीन तुकड्या पाठवल्या. शरण न येणाऱ्यांवर गोळी झाडा आणि मारलेल्या पुरुषांचे मृतदेह झाडांना टांगा, म्हणजे बाकीच्यांना जरब बसेल, असा त्याचा हुकूम होता. १७ एप्रिलला पहाटेपूर्वी सिडनीच्या नैऋत्येला अॅपिन गावाजवळ सैनिकांनी एका तळावर गोळीबार केला. लोक कड्याकडे पळाले, कित्येक खाली कोसळले. किमान १४ जण मेले. त्यांत बायका आणि मुलं होती. असा हुकूम देणाऱ्याने आपली उमेदीची वर्षं हिंदुस्थानातल्या मोहिमांत काढली होती. वसाहतीची फौज माणसं कशी वाकवते ते तो आपल्याकडे पाहून आला होता, असं माझं मत आहे. म्हणून अॅपिनची गोष्ट मला परक्यांची वाटत नाही.

दर वर्षी एप्रिलमध्ये कॅटरॅक्ट धरणापाशी या मृतांची स्मरणसभा होते. स्थानिक मूळनिवासी मंडळी बोलतात, आपण ऐकायचं. येत्या एप्रिलमध्ये मंडळातर्फे जायची माझी इच्छा आहे. जे येणार असतील त्यांनी जेवणानंतर नावं द्यावीत. मुलांना जरूर आणा.